मांजर बाहेर काढा म्हणणाऱ्या घरात चतुर्थी ते दिवाळी (माझा अनुभव)

आमच्या घरात कुणालाही शिंक आली की पहिलं नाव चिंगीचं निघतं. चिंगी म्हणजे आमची मांजर, आणि टिप्या कुत्रा, गावठीच, बेळगावच्या शहापुरात आमच्याच गल्लीत पिल्लू असताना सापडलेला. गेल्या पावसाळ्यात लेकीला सारख्या शिंका, नाक गळणं, रात्री छातीत घरघर सुरू झाली आणि नेमकं त्याच वेळेला टिप्यानं पाय चाटून चाटून लाल करून घेतले. सासूबाईंचा निकाल तयारच होता, "मांजराचे केस नाकात जाऊलालेत पोरीच्या, सोडून ये बघू कुठंतरी मार्केटात." मी म्हटलं चतुर्थी तरी होऊ दे.

चतुर्थी होती 27 ऑगस्टला, आणि आमचा गणपती गावाकडं, खानापूरच्या बाजूला, गौरी गेल्याशिवाय परत यायचं नाही. म्हणजे आठवडाभर दोन जनावरांचं काय करायचं? टिप्यासाठी एका बोर्डिंगवाल्याला फोन केला तर तो म्हणाला लसीचं कार्ड पाठवा. रेबीजची झालेली पण नऊ रोगांची ती दुसरी लस जुलैतच द्यायची होती, ती आम्ही विसरलेलो. आज देऊन आणतो म्हटलं तर तो म्हणे आज टोचली म्हणजे आज लागू होत नाही ताई, पंधरा दिवस तरी जावे लागतात, बाकीची कुत्री पण आहेत माझ्याकडं. राग आला पण त्याचं बरोबर होतं की. मग टिप्या आमच्याबरोबर गाडीतनं, निघायच्या आधी चार तास काही खायला न देता, तरी नंदगडच्या अलीकडं ओकलाच.

चिंगीला गावाला नेण्यात अर्थ नव्हता, मांजर माणसापेक्षा घराला धरून असतं, नव्या जागेत सुटली की गेलीच. शेजारच्या अक्कांकडं किल्ली दिली. अक्का कन्नड, लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि चिंगीला सवय बांगड्याच्या भाताची! तेव्हा दहा दिवस आधीपासनं हळूहळू कोरडं खाणं सुरू केलं, थोडं थोडं मिसळत. तरी दुसऱ्या दिवशी अक्कांचा फोन, "मोसरन्ना दिलं की गं, वासपण घेईना." मी म्हटलं अक्का दहीभात नको, डब्यातलंच घाला आणि खाल्लं की नाही तेवढं रोज सांगा. कारण मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या लिव्हरवर येतं, कुत्र्यासारखं उपास काढणं त्याला जमत नाही, हे मला आधीच्या एका मांजराच्या वेळी चांगलंच कळलेलं. तिसऱ्या दिवशी खाल्लं. तोपर्यंत माझं आरतीत लक्ष नव्हतं.

गावाहून आलो ते टिप्याला खाज दुप्पट घेऊन. आता मी चूक करणार होते ती सांगते. औषधाच्या दुकानात कुत्र्याच्या मानेवर टाकायचं पिसवांचं औषध घेतलं, तर दुकानदार म्हणाला उरलेलं अर्धं मांजराला टाका, चालतंय. नशीब की डॉक्टरांना विचारलं. ते ओरडलेच! त्यात परमेथ्रिन होतं, कुत्र्याला ते सोसतं पण मांजराचं शरीर ते पचवू शकत नाही, झटके येऊन जीव जातो. तसंच पॅरासिटामॉलचं, माणसाची ती साधी तापाची गोळी, मांजराला एक दिली तरी संपलं.

डॉक्टरांनी टिप्याच्या पाठीवरनं बारीक दातांचा कंगवा फिरवला, जे काळे कण निघाले ते ओल्या टिशूवर ठेवले आणि दोन मिनिटांत त्यांच्याभोवती लालसर तांबूस डाग पसरला. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे टिप्याचंच रक्त. गोठ्यातनं आणलेल्या पिसवा. पण पाय आणि पोटाचा लालपणा गावाला जायच्या आधीपासनं होता, त्यावर त्यांनी विचारलं फिरायला कुठं नेता? आमच्या मागं रिकामे प्लॉट आहेत, पावसानंतर तिथं कमरेएवढं काँग्रेस गवत, पांढऱ्या फुलांनी भरलेलं. हे गवत 1955 च्या सुमाराला पुण्यात पहिल्यांदा दिसलं म्हणतात, आता इकडं एक रिकामी जागा त्याच्याशिवाय दाखवा. माणसाला त्याच्यानं अंगावर चट्टे उठतात, आणि टिप्याचं तर उघडं पोट रोज त्याच्यातनं घासत जायचं. मग रस्ता बदलला, आल्या आल्या चारी पाय आणि पोट साध्या पाण्यानं धुऊन कोरडं पुसायचं (बोटांच्या मधलं पण, तिथंच लाल माती अडकते), मांजरासाठी वेगळं औषध, आणि सगळी अंथरुणं गरम पाण्यात. प्लॉटच्या कडेचं गवत आम्ही हातमोजे घालून उपटलं. ह्यांनी एका हातात मोजा घातला नाही, आठ दिवस मनगट खाजवत बसलेले.

आता लेकीचं. मला मांजर सोडायची तर टेस्ट करूनच सोडायची होती. अ‍ॅलर्जीच्या टेस्टला हातावर थेंब टाकून सुईनं हलकं टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी गांधी (अंगावर उठणारा फुगीर चट्टा) किती मोठी उठली ते मोजतात. त्याच्या आधी आठवडाभर सेट्रिझिन, म्हणजे शिंकांची गोळी, बंद ठेवायची, नाहीतर गांधीच उठत नाही. हा आठवडा काय गेला विचारू नका, अनंत चतुर्दशीच्या रात्री कपिलेश्वर तलावाकडं जाणाऱ्या मिरवणुकांचे ढोल, डीजे, टिप्या बाथरूममध्ये थरथरत आणि पोरगी उशीला टेकून शिंकत बसलेली. घरघरीचा तोंडानं ओढायचा पंप मात्र चालू ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलेलं.

रिझल्ट असा की धुळीतल्या किड्यांची गांधी सगळ्यात मोठी, मांजराची पण होती, छोटी. म्हणजे सासूबाई पूर्ण चुकीच्या नव्हत्या, हे मला कबूल करावं लागलं (त्यांनी ते दोन दिवस ऐकवलं). पण डॉक्टर म्हणाले त्रास केसाचा नसतो, मांजराच्या लाळेत आणि कातडीत एक प्रोटीन असतं, ते चाटून अंगभर लागतं, वाळून हवेत तरंगतं, आणि मांजर घालवलं तरी घरात कित्येक महिने राहतं. त्यापेक्षा आधी गाद्या बघा. पावसात ओलसर झालेली कापसाची गादी, भिंतीला बुरशी, तिथंच पोरगी झोपायची! गादी काढली, खोळ घट्ट विणीची, चादरी आठवड्याला कढत पाण्यात, आणि चिंगीला लेकीच्या खोलीत बंदी. ही बंदी चिंगीला अजून मान्य नाही, दाराला नख्या मारते.

दिवाळीपर्यंत घरघर बरीच कमी झालेली. फटाक्यांसाठी टिप्याला संध्याकाळी पाचलाच फिरवून आणायचो, आतल्या खोलीत खिडक्या बंद, पंखा मोठा आणि टीव्ही चालू. गुंगीची गोळी मागितली होती, डॉक्टरांनी साधी दिली नाही, म्हणाले काही गोळ्यांनी अंग ढिलं पडतं पण भीती आत तशीच राहते, ते जास्त वाईट. त्यांनी वेगळी दिली, फटाके सुरू व्हायच्या आधी द्यायची. लक्ष्मीपूजनादिवशी फटाक्यांत तो सांभाळला, आणि दुसऱ्या दिवशी रव्याचे दोन लाडू बेदाण्यासकट गिळले. बेदाणे कुत्र्याच्या किडनीला घातक, किती खाल्ले की होतं ते सांगता येत नाही, म्हणून तासाभरात नेऊन उलटी करायला लावली. पाडवा दवाखान्यात. ह्यांचं ओवाळणं रात्री नऊला.

आता कालनिर्णयच्या जुलैच्या पानावर टिप्याची लस लिहून ठेवली आहे, यंदा चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे. अक्कांना पण आत्ताच विचारलं, चिंगीला बघाल ना म्हणून. होय की म्हणाल्या, फक्त मीन ब्याडव्वा, मासे नकोत गं.