फोटोतली मुलगी, कॅलेंडरवरची मुलगी

अमेरिकी चित्रकार गिल एल्व्हग्रेनचं पिन-अप, म्हणजे भिंतीवर टाचायचं मोहक तरुणीचं चित्र, पाहताना त्याने आधी काढलेला मॉडेलचा फोटो शेजारी ठेवा. पोझ तीच, पण कॅनव्हासवर पाय लांबलेत, कंबर आवळली आहे. हे तैलचित्र बहुतेकदा ३० बाय २४ इंचांचं; ब्राउन अँड बिगेलो कंपनी ते कॅलेंडरवर छापायची.

प्रसंग ठरलेला: स्कर्ट कुंपणात अडकतो, ओठांचा चंबू होतो. मला खटकतो तो हा अपघातच. पाहणाऱ्याला तो आयती सबब देतो.

पिन-अप काढणारी दुसरी चित्रकार झोई मोझर्ट पेस्टल खडू वापरायची आणि अनेकदा आरशासमोर स्वतःच मॉडेल व्हायची. तिच्या बायकांचे चेहरे म्हणूनच जिवंत वाटतात.

जुनं पिन-अप विकत घेताना मात्र भिंग धराच. रंगांचे बारीक ठिपके दिसले, तर ती छपाई. मूळ चित्र नव्हे.