मोल्दोव्हातले ते बंगले कुणाचे?

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदाच नीट लिहून टाकते. मोल्दोव्हाच्या खेड्यातले माझे फोटो पाहिले की कुणी ना कुणी म्हणतंच, "अगं, हा युरोपातला सगळ्यात गरीब देश ना? मग हे दुमजली बंगले, स्टीलचे चकचकीत कठडे, हे काय आहे?" आणि मुलांना मेडिकलसाठी तिथल्या राजधानीला, किशिनाऊला पाठवायच्या विचारात असलेले पालक त्याला जोडून विचारतात, "माणसं कशी आहेत हो तिकडची?"

पहिल्याचं उत्तर एका ओळीचं आहे. बंगले इटलीच्या पैशांचे आहेत, काही मॉस्कोच्या, काही पॅरिसच्या. आणि त्यातल्या बऱ्याच बंगल्यांना वर्षातले अकरा महिने कुलूप असतं. पण एका ओळीत सांगून भागत नाही, कारण लगेच पुढचा प्रश्न येतो : मग राहत नाहीत तर बांधतात कशाला?

मी इटलीत पादोव्हाला राहते. इथे घरोघरी ऐंशी-नव्वदीची माणसं एकटी असतात आणि त्यांच्या सोबतीला, औषधपाण्याला, आंघोळीला राहायला बाई ठेवलेली असते. आमच्या भागात या बायकांमध्ये मोल्दोव्हाच्या पुष्कळ. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजींकडे अशीच एक आहे. माझी मुलगी तिला मावशी म्हणते, मीही इथे तेच म्हणते. मावशी गावी शाळेत गणित शिकवायची. तो देश मी पाहिला तो तिच्यामुळे.

देश छोटा. रोमानिया आणि युक्रेन यांच्या मध्ये, महाराष्ट्राच्या नवव्या हिश्शाएवढा. समुद्र नाही, डोंगर म्हणावेत असे नाहीत. जमीन मात्र अशी काळीभोर की आपल्याकडच्या शेतकऱ्यानं उचलून मुठीत धरून बघावी. सोव्हिएत काळात द्राक्षं, फळं, भाजीपाला, वाइन पुरवायचं काम या प्रजासत्ताकाकडे होतं. २७ ऑगस्ट १९९१ला स्वातंत्र्य जाहीर झालं आणि वर्षभराच्या आत द्नीस्टर नदीपलीकडच्या पट्ट्यासाठी लढाई झाली. तो पट्टा, ट्रान्सनिस्ट्रिया, तेव्हापासून वेगळाच चाललाय. रशियन सैनिक अजून तिथे आहेत. सोव्हिएत काळातले मोठे कारखाने आणि वीजकेंद्र बरंचसं त्या पट्ट्यात. म्हणजे वाटणीत शेती एकाकडे आणि उद्योग दुसऱ्याकडे, असा प्रकार झाला.

मग शेतीचं काय झालं? सामूहिक शेतं मोडून नव्वदच्या दशकाच्या शेवटी जमीन वाटली. दहा लाखांहून जास्त लोकांना सरासरी दीडेक हेक्टर मिळाली, आणि तीही एका ठिकाणी नाही : एक तुकडा शेताचा, एक द्राक्षबागेचा, एक फळबागेचा. न्याय अगदी काटेकोर झाला, पण ट्रॅक्टर कोणाचा, पाणी कुठून, माल घेणार कोण, याचा पत्ता नाही. मावशीच्या वाट्याचे तुकडे आता गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे खंडानं आहेत. तो वर्षाला काही पोती गहू आणि सूर्यफुलाचं तेल देतो. पैसे नाहीत. ते तेल मावशीची आई वर्षभर पुरवते आणि उरलेलं मुलीला इटलीत पाठवते, जणू इटलीत तेल मिळत नाही.

घाव बसला तो १९९८ला. रशियाचं अर्थकारण कोसळलं, आणि मोल्दोव्हाचा बहुतेक माल जायचा रशियालाच. तशीही तेव्हा पगाराची खात्री नव्हतीच. महिनोन्महिने तुंबलेला पगार मावशीला साखरेच्या पोत्यात मिळालाय. शिक्षिका, दोन मुलं, आणि घरात विकायला साखर! पुरुष बांधकामावर मॉस्कोला जायला लागले. तिकडे व्हिसा लागत नव्हता. बायका मात्र इटलीकडे वळल्या. मोल्दोव्हाची भाषा रोमानियन, आणि रोमानियन आणि इटालियन एकाच लॅटिन आईच्या लेकी, त्यामुळे इटालियन काही महिन्यांत तोंडात बसते. व्हिसा दलालाकडून, व्याजानं काढलेल्या पैशांतून. पहिली दोन वर्षं मावशीनं नुसतं कर्ज फेडलं. २००२मध्ये इटलीनं घरकाम करणाऱ्यांची कागदपत्रं नियमित करून दिली, तेव्हा कुठे तिला घरी जाऊन परत येता आलं. तोवर धाकटा आईला ओळखेनासा झाला होता. हे ती अगदी कोरडेपणानं सांगते, मी काही विचारत नाही.

मी कुडाळची. मनीऑर्डरवर चाललेलं गाव मला कुणी समजावून सांगायला नको. मुंबईचा चाकरमानी, गणपतीला उघडणारं घर, चिऱ्याचा नवा बंगला आणि त्यात राहणारी एकटी म्हातारी, हे सगळं मी पाहतच मोठी झाले. पण एक फरक मला पादोव्हात राहून कळला. आमच्याकडे बाप्ये गेले आणि बाया राहिल्या. घर, गोठा, पोरं, देवाचं सगळं चालू राहिलं. मोल्दोव्हातून आया गेल्या. पोरं आजीनं वाढवली, आणि बाप असला तर मॉस्कोला, नसला तर असून नसल्यासारखा. २००६च्या आसपास परदेशातून येणारा पैसा देशाच्या एकूण उत्पन्नाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा होता. जगात असे देश बोटांवर मोजण्याइतकेच. त्या पैशाला सोन्याचा मुलामा द्यायचा मोह अर्थशास्त्रज्ञांना होतो. त्यांनी एकदा रविवारी आमच्याकडे यावं.

रविवारी सकाळी पादोव्हात एका मोठ्या पार्किंगमध्ये मोल्दोव्हाच्या पाट्यांच्या पांढऱ्या व्हॅन येऊन थांबतात. सुट्टीचा दिवस, म्हणून बायका गाठोडी घेऊन जमतात. ड्रायव्हर हुकाच्या काट्याला बोचकं अडकवतो, किलोवर पैसे घेतो, मार्करनं गावाचं नाव आणि फोन नंबर लिहितो. जाताना पास्ता, कॉफी, कपडे धुवायची पावडर, मुलांचे बूट, एकदा तर घडीची व्हीलचेअर. येताना अक्रोड, चीज, बरणीतली लोणवलेली काकडी आणि टोमॅटो, आणि पाण्याच्या पाच लिटरच्या बाटलीत घरची वाइन. पहिल्या काही वर्षांत आई आणि मूल यांच्यात जे काही होतं ते या व्हॅनमधून गेलं. मावशी बुटांचा नंबर फोनवर विचारून घ्यायची. त्यावरून मुलगा किती वाढला ते कळायचं.

बांधतात कशाला, या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. इतक्या वर्षांच्या गैरहजेरीचा काहीतरी हिशेब गावाला, पोरांना आणि स्वतःलाही दाखवावा लागतो. तो बँकेच्या पासबुकात दिसत नाही, दुमजली घरात दिसतो. शिवाय कारखाना काढावा, बाग लावावी असं वातावरणही नव्हतं. बँकेवर विश्वास ठेवावा, तर २०१४मध्ये तीन बँकांतून सुमारे शंभर कोटी डॉलर गायब झाले, देशाच्या उत्पन्नाच्या आठव्या हिश्शाएवढे, आणि ती भरपाई लोकांच्याच माथी. मग माणूस विटा घेणार नाही तर काय करणार? सरकारनं २०१०पासून एक योजना आणली : परदेशात कमावलेला एक लेऊ (तिथलं चलन) धंद्यात घाला, सरकार एक लेऊ देईल. त्यातून हरितगृहं, मधमाशांच्या पेट्या, छोट्या कार्यशाळा उभ्या राहिल्या, ते चांगलंच झालं. पण सगळ्यांना धंदा जमतो असं कुठे आहे? मावशीला गणित येतं, धंदा नाही.

तिचं घर मी पाहिलंय. रस्त्याकडेला निळं रंगवलेलं कुंपण, समोर क्रूसाचं छत असलेली विहीर. खाली दोन खोल्या, वर तीन. त्यांच्याकडे जुन्या घरात एक पाहुण्यांची सजवलेली मोठी खोली असायची, भिंतीवर हातमागाचे गालिचे, पलंगावर छतापर्यंत उशांची रास, मुलीच्या लग्नासाठी साठवलेली. वापर नाही, फक्त असायची. मावशीनं गालिचे नव्या घरात हलवलेत, शेजारी इटालियन सोफा ठेवलाय, प्लास्टिकचं वेष्टण न काढता. आणि हे सगळं सोडून तिची आई अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात राहते. चुलीला चिकटून बांधलेला ओटा आहे, त्यावर झोपते. मोठं घर तापवायचं म्हटलं तर पेन्शन आठवड्यात संपेल. २०२१ आणि २०२२च्या हिवाळ्यांत गॅसचे दर कित्येक पटींनी वाढले. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये महागाई ३४ टक्क्यांच्या वर गेली होती. तेव्हापासून म्हातारी वरच्या मजल्यावर फक्त अक्रोड वाळवायला जाते.

आता मला खरं सांगायचंय ते. परदेशच्या पैशाचा तो तिसरा हिस्सा घटत घटत आता निम्म्याहून कमी झालाय, आणि त्याचं कौतुक होतं : बघा, देश स्वतःच्या पायावर उभा राहतोय. थोडं खरं आहे. किशिनाऊत आयटीवाल्यांना २०१८पासून उलाढालीवर एकरकमी ७ टक्के कर लावून पार्क काढला, तो चालला. मावशीची मुलगी तिथेच नोकरी करते आणि आईपेक्षा बरं कमावते. वाइनवाल्यांना रशियानं २००६ आणि २०१३मध्ये बंदीचा दणका दिला, तेव्हा गोड स्वस्त वाइन सोडून त्यांनी युरोपला चालेल अशी बाटली भरायला घेतली. मिलेश्ती मिचचं जमिनीखालचं दोनशे किलोमीटरचं तळघर बघायला पर्यटक येतात. रूबल घसरल्यावर मॉस्कोचं आकर्षणही ओसरलं.

पण पैसा कमी यायला लागलाय त्याचं अजून एक कारण आहे आणि ते कुणी मोठ्यानं बोलत नाही. ज्यांना पाठवायचा तेच इकडे आले. २८ एप्रिल २०१४पासून बायोमेट्रिक पासपोर्टवर युरोपात व्हिसा लागत नाही, आणि आजोबांच्या काळी हा भाग रोमानियात होता, म्हणून लाखो लोकांनी त्यांच्या कागदांवर रोमानियाचं नागरिकत्व काढलंय, म्हणजे कामही करता येतं. एकेकाळी आई जायची आणि घर मागे असायचं. आता बिऱ्हाडच उठतं. मावशीचा धाकटा बाराव्या वर्षी पादोव्हाला आला, आता तो इथलाच. लोणवलेल्या टोमॅटोला नाक मुरडतो. २०१४च्या जनगणनेत, ट्रान्सनिस्ट्रिया सोडून, २८ लाख माणसं होती, २०२४ला २४. अख्खा देश पुणे शहरापेक्षा कमी. म्हातारी गेली की मावशीही गावाला पैसे पाठवायची थांबेल, आणि आकडेवारीत ती सुधारणा म्हणून दिसेल.

मग मागे राहिलेल्यांना गेलेल्यांचा राग येत नाही का? येतो. तो मतपेटीत दिसला. २० ऑक्टोबर २०२४च्या सार्वमतात युरोपीय संघाच्या बाजूनं ५०.३५ टक्के मतं पडली, फरक दहा-साडेदहा हजारांचा. देशातल्या मतदारांत विरोध जास्त होता. परदेशातल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांनी होकार दिला आणि पारडं फिरलं. दोन आठवड्यांनी माया सांदू राष्ट्राध्यक्षपदी पुन्हा निवडून आल्या तेव्हाही तसंच. मावशी मतदानाच्या रांगेत उभी राहून खुशीत परतली. गावातला तिचा भाऊ फोनवर म्हणाला, तुम्ही तिकडून उंटावरून शेळ्या हाकता, गॅसचं बिल आम्ही भरतो. (उंट आणि शेळ्या माझ्या, तो काहीतरी मेंढ्यांचं म्हणाला होता.) मला दोघांचंही पटतं. तरी विचारलंच तर मी मावशीच्या बाजूची आहे. वीस वर्षं ज्यांच्या पैशावर गावाचं छप्पर टिकलं त्यांना मत नको म्हणणं बरोबर नाही.

हे लोक एकमेकांपासून तुटलेत असं मात्र समजू नका. ईस्टरनंतरच्या आठवड्यात त्यांचा पितरांचा दिवस असतो. त्यासाठी माणसं इटलीहून, जर्मनीहून गाडी चालवत येतात. मी गेले होते त्या दिवशी कबरस्तानात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक कबरीवर चादर अंथरून पाव, लाल रंगवलेली अंडी, गोड पोळ्या, आणि ज्याला त्याला हातात द्यायचं एक पुडकं : कप, टॉवेल, मेणबत्ती, चार चॉकलेटं. न ओळखणाऱ्या मलाही मिळालं, नकार द्यायचा नसतो. वाइनचा ग्लास एकच, तो फिरतो. त्या गर्दीत बुटांवरून कळत होतं कोण इथलं आणि कोण बाहेरचं.

आता पालकांसाठी. माणसं चांगली आहेत. २०२२च्या मार्चमध्ये, युक्रेनचं युद्ध पेटल्यावर, तिथल्या ओडेसाहून आपली शिकणारी पोरं पालांकाच्या सीमेवरून याच देशातून रोमानियाला गेली, आणि त्याच दिवसांत लाखो युक्रेनियन लोकही मोल्दोव्हातच आले. कुलूपबंद घरांतली काही तेव्हा उघडली गेली. फक्त एक तयारी करून पाठवा. शिकवणं इंग्रजीत असलं तरी रोमानियन पहिल्या वर्षापासून मनावर घ्यायला सांगा, जमल्यास कामापुरती रशियन. तिथले तरुण डॉक्टर आणि परिचारिकाही रोमानियाला, जर्मनीला जातात, आणि वॉर्डात मुख्यतः मागे राहिलेली म्हातारी माणसं असतात. त्यांना कुठे दुखतंय ते इंग्रजीत सांगता येणार नाही.