न उघडणारी किल्ली आणि टॉवेलाचे तीन रंग

मे महिन्यातल्या एका दुपारी, उन्हामुळे सोलापूरच्या नवी पेठेत चिटपाखरू नसण्याच्या वेळेला, शहराच्या पूर्व भागातले एक यंत्रमाग कारखानदार माझ्या किल्ल्यांच्या दुकानात आले आणि त्यांनी रुमालाची एक पुरचुंडी काउंटरवर ठेवली. पुरचुंडी सोडली तेव्हा गाडीच्या फ्लिप किल्लीचे दोन अर्धे केसिंग, रिमोटची पट्टी, बटण, स्प्रिंग आणि पाते असे सगळे सुटे होऊन पडले. त्यांना सगळा मोहल्ला अण्णा म्हणतो, म्हणून मीही इथे अण्णाच म्हणतो. घरात तेलुगू आणि बाजारात मराठी बोलणारी विणकर कुटुंबे पूर्व भागात पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, अण्णा त्यांतलेच. त्यांच्या मागांवर टॉवेल निघतो.

"भाऊ, एवढी जोडून द्या. पहाटे पाचला पुण्याला निघायचंय, मुलीची प्रवेश परीक्षा आहे," ते म्हणाले.

मी विचारले, "दुसरी किल्ली?"

"गाडी सेकंडहँड घेतली, एकच मिळाली."

हे उत्तर मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकायला मिळते आणि प्रत्येक वेळी काळजी वाटते. गाडी जुनी घेताना लोक टायर पाहतात, बॉनेट उघडून पाहतात, पण दुसरी किल्ली मागून घ्यायचे राहून जाते.

किल्लीची हकीकत त्यांनी सांगितली ती अशी. बटण दाबले की झटकन बाहेर येणारे पाते दिवाळीनंतर हळू यायला लागले. मग ते अर्ध्यात थांबायचे आणि अण्णा नखाने ओढून पुरते उघडायचे. कारखान्यातल्या एका कामगाराने बटणाच्या कडेने मागाचे तेल सोडले, त्याने आठ दिवस बरे वाटले आणि नंतर पाते पार जाम झाले. शहरातल्या एका दुकानात 'पूर्ण किल्लीच बदलावी लागेल' असे सांगून त्यांना परत पाठवले होते. शेवटी आदल्या संध्याकाळी अकरावीतल्या मुलाने मोबाइलवर व्हिडिओ पाहून किल्ली उघडली, आणि पुन्हा जोडल्यावर पाते हलतच नाही असे झाले.

या किल्लीची रचना थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण तिच्याविषयीचा एक गैरसमज मला रोज खोडावा लागतो. गिऱ्हाईक म्हणते, बटण दाबले की पुन्हा वर येते, म्हणजे स्प्रिंग चांगली आहे. पण आतली एकच स्प्रिंग दोन कामे करते. ती उभी दाबली जाते म्हणून बटण वर ढकलते, आणि तिला पीळ दिलेला असतो म्हणून पाते फिरवते. तिचे एक टोक बटणाच्या खाचेत आणि दुसरे पात्याच्या मुळाशी असलेल्या गोल डोक्याच्या खाचेत अडकवलेले असते. बटणाचे दाते केसिंगच्या घरात अडकलेले असेपर्यंत पाते मिटून राहते. बटण खाली गेले की दाते सुटतात आणि साठवलेला पीळ पात्याला बाहेर फेकतो. पाते पुरते उघडले की दाते पुढच्या घरात बसतात, म्हणूनच इग्निशनमध्ये फिरवताना ते मिटत नाही. पीळ न देता स्प्रिंग नुसती बसवली, तर बटण उत्तम वर-खाली होईल आणि पाते जागचे हलणार नाही. मुलाकडून नेमके तेच झाले होते. उघडताना स्प्रिंग पीळ सोडून उडाली, ती शोधून त्याने जशी होती तशी ठेवली. आत पीळ होता हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता.

मग मूळ दुखणे काय होते? मी बटण भिंगाखाली धरले. बटणाच्या दांड्याभोवती, जिथे स्प्रिंगचे वेढे बसतात तिथे, एक घट्ट कडे तयार झाले होते. घोंगडीच्या तुकड्यासारखे दाबून बसलेले ते कडे मला आधी गंजाचा आणि मळीचा थर वाटले. सुईच्या टोकाने सोडवून पांढऱ्या कागदावर ठेवले तेव्हा लक्षात आले की तो सगळा कापूस होता. टॉवेलाचे तंतू खिशातून किल्लीच्या फटीत शिरले होते, बटणाच्या प्रत्येक दाबाबरोबर दांड्याभोवती गुंडाळले गेले होते, आणि नंतर पडलेल्या तेलाने सगळ्यांचा एकजीव नमदा झाला होता. चिमट्याने कडे मोडले तर आत रंगांचे थर दिसले: सर्वांत आत पांढरा, त्यावर मरून, आणि बाहेर हिरवा.

मी भिंग अण्णांकडे दिले. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "हा पांढरा हॉटेलवाल्यांचा माल. मरून दिवाळीआधीचा. हिरवा तर आत्ता चालू आहे." गाडी घेतल्यापासूनच्या दोन वर्षांतल्या ऑर्डरी त्यांनी त्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या कड्यातून ओळीने वाचून दाखवल्या. सोलापूरच्या टॉवेलाला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याची मऊ लूप पाणी किती शोषते याचे कौतुक आपण सगळेच करतो, पण ती लूप विणताना हवेत किती तंतू उडतात हे मला त्या दिवशी कागदावर पाहायला मिळाले. मागाजवळ दहा तास वावरणाऱ्या माणसाच्या खिशात ते असणारच.

तेलाबद्दल माझे मत पक्के आहे आणि ते मी अण्णांना तिथेच सांगितले. अडकलेल्या फ्लिप किल्लीत बाहेरून तेल सोडू नये. धूळ, घामाचे मीठ, खिशातला कापूस, यांतले काहीही तेलाने बाहेर पडत नाही. फक्त भिजते आणि चिकटते. शिवाय ते तेल झिरपत रिमोटच्या पट्टीवर जाते. इथेही सेलच्या पत्र्यापर्यंत ते पोचले होते. सेल सीआर २०३२ होता, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा, ३ व्होल्टचा. तो पुसून मीटर लावला तर चांगला निघाला. पट्टी मी अल्कोहोलने ब्रशने धुतली आणि वाळत ठेवली.

स्प्रिंगचे एक टोक मुलाच्या पकडीत वाकले होते. ते सरळ करण्याचा मोह होतो, पण स्प्रिंगचे पोलाद एकदा वाकवून परत सरळ केले की त्याच जागी काही दिवसांनी तुटते. माझ्याकडे मेलेल्या किल्ल्यांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यातून तारेची जाडी, वेढ्यांची संख्या आणि विशेषतः पिळाची दिशा जुळणारी स्प्रिंग शोधायला अर्धा तास लागला. उलट्या पिळाची स्प्रिंग बसतेही आणि फिरतेही, फक्त पात्याला बाहेर फेकण्याऐवजी आतच दाबत राहते.

पीळ किती द्यायचा हे बोटांनी ठरवावे लागते. डोक्यात खाचा चार असल्यामुळे पाव-पाव फेऱ्याने वाढवता येत होते. एक फेरा दिला तर पाते शेवटच्या टप्प्यात रेंगाळले. दीड फेरा दिला तर इतक्या जोरात आदळले की पात्याच्या पोकळ पिनेला रोज तो धक्का बसणे मला मान्य नव्हते. सव्वा फेऱ्याला ते सरळ, एका दमात बाहेर आले आणि दाते घरात बसल्याचा एकच स्वच्छ आवाज आला. तो आवाज दोनदा आला, किंवा आवाजाआधी घासल्यासारखे काही वाटले, तर मी किल्ली देत नाही.

इथवर सगळे माझ्या हातातले होते. केसिंग मिटवण्याआधी आतून शेवटचा हात फिरवताना मी थांबलो. केसिंगच्या आतल्या बाजूला सगळीकडे तंतूंची बारीक लव बसलेली होती, मात्र एका कोपऱ्यात साधारण १२ मिलिमीटर लांबीची एक पन्हळ अगदी स्वच्छ होती. तिथे काहीतरी दोन वर्षे बसून होते, म्हणून तेवढ्या जागेत कापूस शिरला नव्हता. ते काहीतरी म्हणजे इमोबिलायझरची, म्हणजे किल्लीची ओळख पटल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणाऱ्या यंत्रणेची, चिप. पुरचुंडी उघडल्याबरोबर मी ती शोधायला हवी होती. या प्रकारच्या काही किल्ल्यांत चिप रिमोटच्या पट्टीवरच असते आणि मी तसे गृहीत धरले, ही माझी चूक झाली.

अण्णांना समजावून सांगितले. किल्लीत दोन वेगळी यंत्रे असतात. रिमोट सेलवर चालतो आणि दारे उघडतो. चिपला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचे एक वेटोळे असते, त्यातून १२५ किलोहर्ट्झच्या आसपासची लहर निघते, तिच्यावरच चिप जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. तो क्रमांक आला नाही तर दारे उघडतील, दिवे लागतील, स्टार्टरही फिरेल, पण इंजिन पकडणार नाही. नवी चिप गाडीला ओळखवून द्यायची तर त्या गाडीसाठी गुप्त क्रमांक लागतो, तो कंपनीकडून कागदपत्रे देऊन मागवावा लागतो, आणि हातात फक्त एक रात्र होती.

मुलाला फोन लावला. चिपबद्दल त्याला काही माहीत नव्हते. स्प्रिंग उडाली तेव्हा तो तिच्यामागे धावला एवढेच त्याला आठवत होते, आणि किल्ली त्याने घरात नव्हे तर कारखान्याच्या पुढच्या टेबलावर उघडली होती. कारखाना त्यानंतर दोनदा झाडून झाला होता.

मी दुकान लवकर बंद केले. निघण्यापूर्वी डब्यातली एक मेलेली काचेची चिप काढली आणि जुन्या स्पीकरचे चुंबक तिच्याजवळ धरून पाहिले. काचेच्या नळीत तारेचे वेटोळे फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेले असते आणि फेराइटला चुंबक ओढते. ओढ क्षीण होती, पण होती. ते चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मी अण्णांच्या मागे स्कूटरवर बसलो.

झाडलेले वेस्टेज दोन पोत्यांत भरून ठेवले होते आणि सुदैवाने ते घेणारा व्यापारी दुसऱ्या दिवशी येणार होता. माग बंद केले, पंखेही बंद केले, कारण वाऱ्याने सगळा कापूस खोलीभर झाला असता. त्या उकाड्यात अण्णा, त्यांचा मुलगा आणि मी जमिनीवर जुनी चादर अंथरून बसलो. मूठभर वेस्टेज घ्यायचे, बोटांनी विरळ पसरायचे, त्यावरून चुंबक अगदी हळू न्यायचे, मग पिशवी उलटी करून लागलेले सगळे वेगळ्या ताटलीत काढायचे. पहिल्या पोत्यात सुया, पिना, खिळ्यांची डोकी, पत्र्याचे कपचे निघाले. मुलगा एक शब्द बोलत नव्हता. प्रत्येक मूठ तो माझ्यापेक्षाही विरळ पसरत होता. अण्णांनी त्याला त्या रात्री एकदाही रागावले नाही, हे मी मुद्दाम लिहितो.

दुसरे पोते अर्ध्यावर आले तेव्हा मुलाचा हात थांबला. हिरव्या तंतूंच्या एका गुंत्यात चुंबकाकडे एक टोक किंचित उचलले गेले होते. चिमट्याने गुंता सोडवला तर आत तांदळाच्या लांबट दाण्यासारखी काचेची नळी निघाली. झाडूखालून आणि किती चपलांखालून गेली असेल, तरी तिला तडा नव्हता. कापसाने तिला गुंडाळून घेतले होते, म्हणूनच ती वाचली असावी असे मला वाटते.

रात्री साडेदहाला गाडीत बसून चिप पन्हळीत ठेवली, केसिंग मिटवले, बटण दाबले. पाते आले. इग्निशनमध्ये फिरवल्यावर डॅशबोर्डवर किल्लीचे चिन्ह उमटले, क्षणभर राहिले आणि विझले. इंजिनाने पहिल्या फेऱ्यात पकडले. अण्णांनी स्टीअरिंगवर हात ठेवून डोळे मिटले. आतून आजीने विचारलेले मला कळले नाही, मुलाने तेलुगूत उत्तर दिले ते मात्र आवाजावरून कळले.

पुण्याहून परतल्यावर त्यांनी कागदपत्रे देऊन गुप्त क्रमांक मागवला, आणि तो आल्यावर मी दुसरी किल्ली करून गाडीला ओळखवून दिली. त्या दिवशी मुलगाही सोबत आला होता. जुनी किल्ली मी त्याच्यासमोर उघडली, चिपखाली पारदर्शक गोंदाचा एक ठिपका देऊन ती पन्हळीत पक्की केली, आणि स्प्रिंग त्याच्या हातात दिली. सव्वा फेरा पीळ त्याने स्वतः दिला. पहिल्यांदा टोक निसटले, दुसऱ्यांदा बसले. किल्ली मिटवून त्याने ती कानाजवळ नेली आणि बटण दाबले.