कामेतची यादी

मी डोंगर चढत नाही. पस्तिशीत गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सह्याद्रीतलं भटकणंही सुटलं. तेव्हापासून दुसऱ्यांच्या मोहिमांची तयारी करून देणं हाच माझा धंदा. वर्षातले चार महिने आमच्या पुण्यातल्या घराचा हॉल म्हणजे गोदाम असतो. सोफ्यावर दोरांची वेटोळी, टीव्हीखाली नूडल्सची खोकी. नवरा बिचारा स्वयंपाकघरात बसून बातम्या बघतो.

त्या वर्षी काम होतं कामेतचं. ७७५६ मीटर, गढवालमध्ये, तिबेटच्या सीमेला लागून. जोशीमठहून मलारी, मग नीती खोऱ्यात शेवटच्या गावांपर्यंत गाडी, पुढे खेचरं, आणि खेचरं जिथे थांबतात तिथून माणसाची पाठ. १९१३ साली मीड नावाचा गिर्यारोहक शिखराखालच्या खिंडीपर्यंत पोचून परतला. खिंडीला आज त्याचंच नाव आहे. शिखर मात्र १९३१च्या जूनमध्ये सर झालं. फ्रँक स्माइथच्या तुकडीतला लेवा शेर्पा सगळ्यांच्या आधी माथ्यावर पोचला. तोवर माणसाने इतकं उंच शिखर कुठेच गाठलं नव्हतं.

परवानग्यांचे कागद दिल्लीला गेले होते. उरली होती वरच्या कॅम्पांची यादी. माणसं १२ : ८ सदस्य, ४ हाय अल्टिट्यूड पोर्टर. बेस कॅम्पच्या वर दिवस ९. गॅस मी धरला होता माणशी रोज ५० ग्रॅम, म्हणजे २३० ग्रॅमचे २४ डबे. हिमाचलातल्या कितीतरी ट्रेकना हा आकडा वापरलेला, कधी कमी पडला नव्हता. गॅस विमानानेही नेता येत नाही आणि रेल्वेनेही, म्हणून डेहराडूनच्या दुकानदाराला ऑर्डरही देऊन टाकली होती.

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोहिमेच्या आचाऱ्याला यादी वाचून दाखवायला फोन लावला. नीती खोऱ्यातलाच माणूस, कामेतच्या मोहिमांत दोनदा किचन सांभाळलेला. सगळे त्याला भैजी म्हणतात. डाळ-तांदूळ, सातू, गूळ, सगळ्याला तो "ठीक है दीदी" म्हणत गेला. गॅसचा आकडा आला आणि गप्प झाला. मला वाटलं, रेंज गेली.

मग म्हणाला, "दीदी, खाना तो बन जाएगा. पानी कौन बनाएगा?"

मी तशीच बसले. पोटात खड्डा पडणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

हिमाचलच्या ट्रेकना पाणी ओढ्याचं असतं. भांडं भरलं की शेगडीवर. कामेतच्या वरच्या कॅम्पना ओढा कुठला? प्यायचा घोटन् घोट बर्फ वितळवून. एक किलो बर्फाचं नुसतं पाणी करायला ८० किलोकॅलरी लागतात. जवळजवळ तेवढ्याच उष्णतेत शून्य अंशाचं पाणी ८० अंशांवर जातं. म्हणजे निम्मा गॅस चहा लागायच्या आधीच संपलेला! त्यात वाऱ्यात निम्मी उष्णता उडून जाते. कागदावर मांडलं : लिटरमागे २८ ग्रॅम, माणशी ४ लिटर, म्हणजे रोज ११२. १२ माणसांना ९ दिवस, ५३ डबे. वादळात दोन दिवस अडकले तर ६५. शिवाय मी मागवलेले डबे साध्या ब्युटेनचे होते, जे शून्याच्या आसपास वायू व्हायचंच सोडून देतं. वर प्रोपेन मिसळलेलाच हवा.

हे चार महिन्यांपूर्वी सुचायला हवं होतं. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं गणित, आणि धंदा करताना मी त्याला हातसुद्धा लावला नव्हता.

दुपारी लीडरला बोलावलं. तो म्हणाला, "एवढंच ना? ४१ डबे वाढव." पण ४१ डबे म्हणजे कवचासकट जवळपास १६ किलो, म्हणजे वरच्या कॅम्पपर्यंत एका पोर्टरची एक अख्खी फेरी. जास्तीचा पोर्टर घेतला की त्यालाही रोज ४ लिटर पाणी. त्या पाण्याला परत गॅस. आम्ही दोघं दोन तास या चक्रात फिरत होतो. तंबू कमी करून बघितले, दोर कमी करायला तो तयार होईना (बरोबरच होतं त्याचं), कॅमेऱ्याच्या बॅटऱ्यांवरून तर भांडण झालं.

शेवटी त्यानेच पेन घेतलं आणि आठाचे सहा केले. १० माणसं, वादळ धरून ११ दिवस, ५४ डबे. दोघं बेस कॅम्पवर राहतील.

"कोण?" मी विचारलं.

"ते मी बघतो. तू फक्त यादी बदल."

पण त्या आठ सदस्यांतल्या एकीला मी ओळखत होते. वर्षभर ती रोज पहाटे पाठीवर १५ किलो घेऊन सिंहगड चढायची. लीडरने सांगायच्या आधीच संध्याकाळी तिचा मेसेज आला : "ताई, डाउन जॅकेट आलं का?" मी "आलं" एवढंच लिहिलं.

डेहराडूनचा दुकानदार कुरकुरला, जुनी ऑर्डर रद्द करायचे पैसे कापून घेतले. ते मी माझ्या फीमधून दिले. रात्री साडेनऊला परत भैजीचा फोन.

"दीदी, कुकर की रबड़?"

५००० मीटरवर पाणी ८३-८४ अंशांनाच उकळतं. कुकर नसला तर डाळ कच्चीच राहते, आणि रबर फाटलं तर कुकर नुसतं पातेलं. यादीत कुकर दोन होते. जास्तीचं रबर एकही नव्हतं.

मी पेन शोधायला उठले.