टोमॅटो आहे, मिरची नाही

दुपारी भाच्याने लिंक पाठवली. नंदुरबारच्या एका मिरची व्यापाऱ्यासाठी त्याने पान बनवलंय. वर दुकानाचं नाव, खाली पथारीवर वाळणाऱ्या लाल मिरचीचा झकास फोटो, आणि नावाच्या अक्षरांमध्ये भरपूर हवा. 'मामा, कसं दिसी ऱ्हायनं?' काय सांगणार? अक्षरांत अंतर सोडणारी 'लेटर-स्पेसिंग'ची ओळ त्याने कुठल्याशा इंग्रजी टेम्प्लेटमधून जशीच्या तशी उचलली होती. रोमन अक्षरं मुळातच सुटी. त्यांना अंतर दिलं की ती ऐटीत उभी राहतात. आपल्याकडे शिरोरेषा तटातटा तुटते. मिरचीचे तीन तुकडे झाले होते.

हा माझा जुना हट्ट आहे. लग्नपत्रिका हातात आली की घरचे मुहूर्त शोधतात आणि मी रेषा बघतो.

धुळ्याला शाळेतून येताना आग्रा रोडवर एक पेंटरकाका पाट्या रंगवताना दिसायचे. खडूत घोळवलेला दोरा पत्र्यावर ताणायचा, मधोमध चिमटीत धरून टणकन सोडायचा, की सरळ रेघ उमटली. मग तिच्याखाली एकेक अक्षर लोंबत यायचं. 'र'च्या पुढे जागा रिकामी वाटली तर पुढचं अक्षर ते जरा आत घ्यायचे. पट्टी वगैरे काही नाही, नुसती नजर. शिरोरेषा सगळ्यात शेवटी. डाव्या हातातली काठी पत्र्याला टेकवायची, तिच्यावर उजवं मनगट, आणि ब्रश एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत. आम्ही पोरं उन्हात तेवढ्या एका रेघेसाठी थांबायचो. कधी ब्रशमधला रंग मध्येच संपायचा. मग काका जी अहिराणी बोलत, ती घरी कोणी शिकवली नसती.

वेबपानावर अक्षर केवढं, अंतर किती, रंग कोणता हे ब्राउझरला सांगणारी सूचनांची यादी म्हणजे स्टाइल शीट. ती जन्मली मात्र जिनिव्हाला, सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत. १० ऑक्टोबर १९९४ रोजी हॉकोन विउम ली या नॉर्वेच्या माणसाने तिचा पहिला प्रस्ताव मांडला. पुढे बर्ट बॉस त्याला येऊन मिळाला आणि डिसेंबर १९९६ मध्ये पहिली आवृत्ती ठरली. त्याआधी मजकुरातच जागोजागी फॉन्टचे टॅग चिकटवायचे आणि तक्त्याच्या अदृश्य खणांत पान कोंबायचं, असा कारभार होता. (तो नंतरही बरीच वर्षं सुखाने चालला.) त्या पहिल्या प्रस्तावातली एक गोष्ट मला फार आवडते. पान कसं दिसावं यात लिहिणाऱ्याबरोबर वाचणाऱ्यालाही मत होतं. दोघांच्या आवडीनिवडी एकमेकांत मिसळायच्या आणि त्यातून जे निघेल ते पान.

आमच्या भाचेसाहेबांनी वाचणाऱ्याला विचारलेलंच नाही. अक्षर १४ पिक्सेलवर ठोकून ठेवलंय. शेठजींनी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अक्षर कितीही मोठं करून ठेवलं तरी हे जागचं हलायचं नाही. 'रेम'मध्ये दे, म्हटलं, म्हणजे वाचणाऱ्याच्या सेटिंगप्रमाणे लहानमोठं होईल. ओळींमधलं अंतरही इंग्रजीच्याच मापाने, १.२. वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफाराच्या डोक्यावर बसलेला. ते १.७ कर, म्हटलं. 'आणि अक्षरं तिरकी करू नकोस.' 'ते का?' कारण मला आवडत नाहीत, दुसरं काय.

रंगावर शेठजींनीच बोट ठेवलं. मागच्या पट्टीला याने 'टोमॅटो' लावला होता. ते म्हणाले, हा टोमॅटो आहे, मिरची नाही. खरंच त्या रंगाचं नाव टोमॅटो आहे, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? पण नजर बघा. स्टाइल शीटमध्ये नावाने हाक मारता येतील असे दीडशेच्या आसपास रंग आहेत. त्यांत गहू आहे, ऑलिव्ह आहे, सॅमन मासा आहे, पपईचंही काहीतरी आहे. मिरची नाही. वांगंसुद्धा नाही, आणि भरीत खाऊन वाढलेल्या माणसाने हे का सोसावं? यादी बरीचशी एक्स-११ नावाच्या जुन्या संगणक-प्रणालीतून आलेली, त्यामुळे तिच्यात गमतीही पुष्कळ. 'डार्क ग्रे' हा नुसत्या 'ग्रे'पेक्षा फिका आहे! माझ्या आईची यादी यापेक्षा भरवशाची होती: मोरपंखी, डाळिंबी, आमसुली, चिंतामणी, राणी. साडी पुरती उलगडायच्या आत ती दुकानदाराला सांगायची, 'हा राणी नाही, उतरलेला राणी आहे.' दुकानदार निमूटपणे दुसरा गठ्ठा काढायचा.

त्या यादीत एक रंग फार उशिरा आला, २०१४ मध्ये. रेबेकापर्पल. आमच्यासारख्या अनेकांनी ज्यांचं वाचून स्टाइल शीट शिकली, त्या एरिक मेयर यांची मुलगी रेबेका त्या वर्षी जूनमध्ये मेंदूच्या कर्करोगाने गेली. तिचा सहावा वाढदिवस होता त्या दिवशी. जांभळा तिचा आवडता रंग, म्हणून या धंद्यातल्या लोकांनी ६६३३९९ या क्रमांकाच्या जांभळ्याला तिचं नाव द्यायचं ठरवलं. आधी 'बेकापर्पल' सुचवलं होतं. वडिलांनी कळवलं, सहा वर्षांची झाले की मला बेका म्हणायचं नाही, रेबेका म्हणायचं, असं तिने बजावलं होतं. आणि सहा वर्षांची ती झाली होती, जवळजवळ बारा तास. तेव्हा रेबेकाच. आता सगळे ब्राउझर हे नाव ओळखतात.

टोमॅटो काढल्यावर भाच्याने यादी चाळली आणि नेमका रेबेकापर्पलच उचलला. 'मामा, खालच्या पट्टीले हाऊ टाकू का?' नको म्हटलं. का, ते सांगत बसलो नाही. दुसरा कुठलाही जांभळा घे.