धोळावीरा: बाबांबरोबर पाहिलेलं पाण्याचं शहर

धोळावीरा म्हणजे कच्छच्या रणातलं सिंधू संस्कृतीचं जुनं शहर. तिथे पोचलो आणि बाबा किल्ल्यावर चढलेच नाहीत आधी. गाईडभाई पुढे निघाले, मी त्यांच्या मागे, आणि वळून बघते तर बाबा पूर्वेच्या मोठ्या तलावाच्या काठावर उभे, हात पाठीमागे बांधून, जसे ते सर्व्हिसमध्ये असताना कॅनॉलच्या बांधावर उभे राहायचे अगदी तसे. मी हाक मारली तर म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मला हे आधी बघू दे."

हे म्हणजे ७३.४ मीटर लांब, २९.३ मीटर रुंद आणि १०.६ मीटर खोल असा तलाव, माती आणि खडक खणून काढलेला, आत उतरायला दगडी पायऱ्या. वय साधारण साडेचार हजार वर्षं. आकडे मी घरून पाठ करून गेले होते पण काठावर उभं राहिल्याशिवाय १० मीटर खोल म्हणजे काय ते कळत नाही, आमच्या वाड्यातली विहीर आठवा आणि ती आडवी ताणत न्या, तसं काहीतरी.

आता थोडं मागून सांगते. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, आयुष्य गेलं ते चाऱ्या, गेट, आवर्तनं आणि शेतकऱ्यांची भांडणं यात. आमचं गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठाला, इनामगावापासून फार लांब नाही. इनामगावला पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं तिथल्या तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीची खोदाई केली, आणि बाबा तेव्हा कॉलेजात, सायकलवर तिथे जाऊन बसायचे. जमिनीखालून दोन रांजण निघाले, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि आत लहान मुलाची हाडं, घराच्याच जमिनीखाली पुरलेलं मूल, हे त्यांनी मला लहानपणी इतक्या वेळा सांगितलंय की ते मीच पाहिल्यासारखं वाटतं. त्यामुळे "जुनं गाव बघायला जाऊ" म्हटल्यावर ते एका पायावर तयार झाले. आईने गुडघ्यांमुळे नाही म्हटलं.

बांद्रा टर्मिनसवरून कच्छ एक्सप्रेस, सकाळी भुज. तिथून गाडी केली. पूर्वी भचाऊ-रापर असा मोठा वळसा घालून धोळावीराला जावं लागायचं, आता खावड्याहून रणातून सरळ रस्ता झालाय, त्याला सगळे रोड टू हेवन म्हणतात. साधारण ३० किलोमीटर दोन्ही बाजूंना रण. आम्ही डिसेंबरच्या शेवटी गेलो तेव्हा डाव्या हाताला अजून पाणी होतं, पातळ, आभाळाच्या रंगाचं, आणि उजवीकडे मीठ वाळायला लागलेलं. लांब कुठेतरी फ्लेमिंगोंची रेघ. सगळे गाड्या थांबवून फोटो काढत होते, बाबा रस्त्याच्या खालच्या मोऱ्या बघत होते आणि ड्रायव्हरभाईंना विचारत होते की पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत चढतं.

हा रस्ता ज्या जमिनीवर चढतो ते खडीर बेट. बेट हा शब्द खराच आहे, पावसाळ्यात चारी बाजूंना पाणी असतं, पण पिता येण्यासारखं थेंबभर नाही, सगळं खारं. आणि पाऊस म्हणाल तर वर्षाला ३०० मिलीमीटरच्या आतबाहेर, एखाद्या वर्षी तोही नाही. अशा ठिकाणी इ.स.पू. ३००० च्या सुमाराला माणसं येऊन राहिली आणि पुढे शहर उभं केलं, चांगलं तटबंदीचं, ७७१ मीटर गुणिले ६१७ मीटर. इथेच का, हा प्रश्न पडतोच. त्या काळी रणात बोटी चालतील एवढं पाणी असावं असं बरेच अभ्यासक मानतात, म्हणजे हे बंदराच्या तोडीचं ठिकाण. इथे मणी घडवायचे कारखाने सापडलेत, तांबं सापडलंय, गुजरातच्या अकीकाचे लालसर मणी पार इराकमधल्या उरच्या राजघराण्यातल्या थडग्यांपर्यंत पोचलेत, आणि अक्कडचा राजा सारगॉन इ.स.पू. २३०० च्या सुमाराला कोरून ठेवतो की मेलुहाची जहाजं माझ्या धक्क्याला लागतात. मेलुहा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश असं बहुतेक सगळे धरतात. म्हणजे पैसा व्यापारात होता, पण पाण्याशिवाय व्यापारी राहणार कुठे!

तर पाणी. या गावाच्या उत्तरेला मानसर आणि दक्षिणेला मनहर असे दोन ओढे आहेत, वर्षातले बहुतेक महिने कोरडे. पावसात वाहतात तेवढ्या दिवसांत त्यांचं पाणी बांध घालून अडवायचं, वळवायचं आणि तटाच्या आतल्या तलावांत घ्यायचं, अशी सगळी रचना. असे तलाव किमान १६. शहराच्या जमिनीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ १३ मीटरचा उतार आहे, तो वापरून एक भरला की पाणी दुसऱ्यात. बाबा खाली उतरून वर आले ते घामाघूम पण चेहरा असा की बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. म्हणाले, "हे लेव्हल घेतल्याशिवाय होत नाही गं. डोळ्यांनी उतार दिसतो तेवढा नसतो. इथे कोणीतरी पावसात उभं राहून पाणी कुठे पळतंय ते बघितलंय, एक वर्ष नाही, दहा-वीस वर्षं."

मग किल्ल्यावर गेलो. किल्ल्याच्या आतून पावसाचं पाणी वाहून नेणारी दगडी गटारं आहेत, वरून फरशा टाकलेल्या, मोठं गटार इतकं उंच की माणूस आतून चालत जाईल, आणि मध्ये मध्ये हवा जायला भोकं ठेवलेली. वर पडलेला पाऊससुद्धा फुकट घालवायचा नाही. तिथेच एक मोठी गोल विहीर आहे, तिच्या काठाच्या दगडावर दोर घासून घासून खाचा पडल्यात. बाबांनी वाकून एका खाचेत करंगळी ठेवून बघितली, बसली बरोबर. मी फोटो काढला पण फोटोत ती खाच नीट येत नाही, हाताने बघायची गोष्ट आहे ती. दगडावर एवढी खोल खाच पडायला किती पिढ्यांनी पाणी शेंदलं असेल, माझ्या अंगावर काटा आला खरं सांगते.

उत्तरेचा दरवाजा ज्यासाठी प्रसिद्ध आहे ती पाटी. दरवाजाशेजारच्या खोलीत दहा मोठी अक्षरं सापडली, जिप्समचे पांढरे तुकडे जोडून केलेली, प्रत्येक अक्षर साधारण ३७ सेंटीमीटर उंच, लाकडी फळीवर बसवलेली होती, फळी कुजून गेली आणि अक्षरं जशी पडली तशी राहिली. लिपी अजून वाचता आलेली नाही. आपण शिक्क्यांवरची अक्षरं फोटोत बघतो ती नखाएवढी असतात, व्यापाऱ्याच्या कामाची. ही लांबून दिसावी म्हणून केलेली. म्हणजे गावात येणाऱ्या-जाणाऱ्याला काहीतरी सांगायचं होतं, आणि सांगणारं कोणीतरी होतं.

तिथे गाईडभाईंनी विचारलं, इथे राजा होता का, तुम्हाला काय वाटतं. हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत असणार. मी म्हटलं की इजिप्तमध्ये इ.स.पू. ३१०० च्या सुमारालाच नार्मर राजाचं नाव दगडावर कोरलेलं मिळतं, शत्रूला केसांनी धरून मारतानाचं चित्र आहे, इराकात मोठी देवळं, राजांच्या याद्या, आणि इथे? ना राजाचा भव्य पुतळा, ना नाव, ना सोन्याने भरलेलं थडगं. सिंधूच्या कुठल्याच शहरात ते नाही. मग याला राज्य म्हणायचं की नाही यावर विद्वानांची भांडणं अजून चालू आहेत.

बाबांनी मात्र लगेच उत्तर दिलं. "एका चारीवर चाळीस शेतकरी असले ना, तर तोंडाशी असलेला हेडवाला पाणी सोडत नाही आणि शेवटचा टेलवाला कोरडा राहतो. पाळी कोणीतरी धरावीच लागते. इथे तर सोळा तलाव, गाळ दरवर्षी काढायचा, ओढ्याला पाणी आलं की रात्री-बेरात्री बांधावर माणसं पाहिजेत. हे हुकुमाशिवाय होतं का? नाव माहीत नसलं म्हणून काय झालं, मालक होताच." आणि मग जरा थांबून, "आणि मोठे तलाव बघ कुठे आहेत. किल्ल्याच्या भोवती. खालच्या वस्तीतल्या बाईला हंडा घेऊन कुठवर यावं लागत होतं ते विचार त्यांना."

हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. मी इतकी वर्षं शहराची उंची बघत होते, किल्ला वर, मधली वस्ती, खालची वस्ती, आणि बाबांनी ते पाण्याच्या अंतराने मोजलं. मला वाटतं राज्य कसं उभं राहतं याचं हे जास्त खरं माप आहे. सुरुवात धाकाने झाली असेल असं मला नाही वाटत, पहिली दोन-चार तळी सगळ्यांनी मिळूनच खणली असणार, पण एकदा साठा झाला की त्याच्यावर बसणारा कोणीतरी येतो. बाबांनी यात इनामगावची आठवण काढली. तिथे साडेतीन-तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या छोट्या वस्तीत घोडच्या पुराला बांध होता, पाणी वळवायला पाट होता, सातूची शेती होती, आणि पाच खोल्यांचं एक मोठं घर निघालं, त्याच्या शेजारीच धान्याचं कोठार. ते घर गावच्या प्रमुखाचं असं खोदणाऱ्यांनी मानलं. शहर नाही, लिपी नाही, पण पाट, कोठार आणि कोठाराशेजारी राहणारा माणूस, एवढं तिथेही जमलेलं होतं. धोळावीराचं तेच, फक्त अफाट वाढलेलं.

ही जागा जगत्पती जोशींनी १९६७-६८ च्या सुमाराला शोधली, आणि १९९० पासून पुढे पंधरा एक वर्षं आर. एस. बिष्ट यांनी खोदली. गावातले लोक टेकाडाला आधीपासून कोटडा म्हणायचे, म्हणजे इथे कोट आहे हे त्यांना ठाऊक होतंच. २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. म्युझियम छोटं आहे पण चुकवू नका, तिथली वजनं हातभर अंतरावरून बघा, चौकोनी गुळगुळीत दगडी ठोकळे, एकाच्या दुप्पट दुसरं, त्याच्या दुप्पट तिसरं, आणि हीच मापं पार हडप्पापर्यंत. पाटीपेक्षा मला या ठोकळ्यांनी जास्त पटवलं की इथे नियम होता आणि तो लांबवर पाळला जात होता.

शेवटी गाईडभाईंनी आम्हाला वर नेऊन एक अगदी साधी गोष्ट दाखवली, जिच्याजवळ कोणी थांबत नाही. गोल घरांचे पाये. बिष्टांनी या शहराचे सात टप्पे सांगितलेत, इ.स.पू. २१०० च्या सुमारापासून शहर ढासळत गेलं, पाऊस कमी झाला, व्यापार मंदावला, काही काळ ओस पडलं, आणि मग शेवटच्या टप्प्यात जे लोक येऊन राहिले त्यांनी सरळ कोपऱ्यांची घरं बांधलीच नाहीत, गोल झोपड्या केल्या. तट नाही, पाटी नाही, तलावांची देखभाल नाही. बाबा एकदम म्हणाले, "अरे, हे तर आमच्याकडेही!" खरंच आहे, इनामगावला आधी चौकोनी मोठी घरं आणि इ.स.पू. १००० नंतरच्या थरात लहान गोल झोपड्या. तिथेही कोरडा काळ आला होता, तिथेही शेती घटली आणि शिकार वाढली. दोन्हींमध्ये काही शतकांचं आणि शेकडो किलोमीटरचं अंतर.

पुस्तकात याला ऱ्हास म्हणतात. मला तो शब्द त्या दिवसापासून खटकतो. कारण आम्ही रात्री उतरलो होतो ते भुंग्यात, कच्छची गोल मातीची घरं, जाड भिंती, वर शंकूसारखं छप्पर, आतून आरसे लावलेलं लिंपण. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भचाऊकडे सिमेंटच्या इमारती पत्त्यांसारख्या कोसळल्या आणि नीट बांधलेले भुंगे बरेच टिकले, हे तिथला प्रत्येक माणूस सांगतो. मालकीणबेननी बाजरीचा रोटला, वांग्याचा ओळो, गूळ आणि छास वाढली, बाबांनी दुसरा रोटला मागून घेतला, आणि जेवण झाल्यावर पावलं टाकत भिंतीच्या आतून एक फेरी मारली आणि मग मला म्हणाले की सकाळचा तो गोल पाया जवळपास एवढाच होता. मी मोजलं नव्हतं, त्यांनी सकाळीच मोजून ठेवलं होतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं: नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जा, उन्हात सावली कुठेही नाही. सकाळी लवकर आत शिरा म्हणजे ऊन चढायच्या आत किल्ला होतो. गाईड गावातलाच घ्या, त्यातल्या काहींनी स्वतः खोदाईवर काम केलंय. भुजहून निघताना डिझेल आणि पिण्याचं पाणी भरून घ्या, मध्ये भरवसा नाही. खडीरवरच पुढे काही किलोमीटरवर झाडांचे जीवाश्म आहेत, खोडं दगड झालेली, ज्युरासिक काळातली, वेळ असेल तर तेही बघा. आणि गुडघे दुखत असतील त्यांनी पूर्वेच्या तलावाच्या पायऱ्या उतरू नयेत, काठावरूनही चांगलं दिसतं. बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी परत उतरले.