दाखल्यातले उलटे आकडे

कोर्टाच्या लिलावात मी घर घेतलं. बोली अर्ध्या तासात आटोपली. मिळकत पत्रिकेवर, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदीवर, नाव लागायला मात्र त्यानंतर वर्ष उलटून गेलं, आणि त्यातले बरेचसे महिने दोन आकड्यांनी खाल्ले.

घर दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी कोर्टात केलेल्या अर्जात, जप्त झालेलं. पंचवीस टक्के बोली सुटल्याबरोबर भरले, बाकीचे पंधरा दिवसांत. बँकेच्या सरफेसी (थकीत कर्जवसुलीच्या कायद्याखालच्या) लिलावात हे पंधरा दिवस विक्री कायम झाल्यापासून मोजतात, कोर्टात मात्र लिलावाच्या दिवसापासून. पंधराव्या दिवशी कोर्ट बंद व्हायच्या आत रक्कम जमा हवी; ती मुदत वाढवणं न्यायाधीशांच्याही हातात नाही, सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालीच ते स्पष्ट केलंय. तेव्हा कर्ज काढून घेणार असाल तर आधी मंजुरी, मग बोली.

लिलावापासून साठ दिवस नुसता जीव टांगणीला. त्या मुदतीत ऋणकोने, म्हणजे ज्याच्याकडून वसुली चालली होती त्याने, लिलावाच्या जाहीरनाम्यातली वसुलीची रक्कम आणि वर आपल्या बोलीच्या पाच टक्के कोर्टात भरले, तर तो विक्री रद्द करून घेऊ शकतो. आपली रक्कम परत, ते पाच टक्केही आपल्याला. आमच्या ऋणकोने काही भरलं नाही. विक्री कायम झाली, विक्रीचा दाखला आला, कोर्टाच्या बेलीफाने पंचनामा करून ताबा दिला. पेढे वाटले मी.

मग नगर भूमापन कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी दाखला वाचला, पत्रिका काढली आणि दोन्ही माझ्यापुढे सरकवलं. घराचा नंबर १२७४. दाखल्यात १२४७. जाहीरनाम्यात बरोबर, चतुःसीमा बरोबर, फक्त दाखला टाइप करताना आकडे उलटलेले. १२४७ म्हणजे मागच्या गल्लीतला कोणाचा तरी गोठा.

कोर्टाचे नाझर (कार्यालयीन अधिकारी) म्हणाले, आम्हाला पेन लावता येत नाही, कोर्टात अर्ज करा. वकील म्हणाले, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ चा, लिखाणातली चूक दुरुस्त करण्याचा साधा अर्ज, एका तारखेचं काम. पहिल्याच तारखेला अर्जावर शेरा पडला: दुसऱ्या बाजूचं म्हणणं घ्या. धनको, म्हणजे ज्याची वसुली होती तो, पैसे उचलून मोकळा झालेला, त्याच्या वकिलांनी उभ्याउभ्या ‘हरकत नाही’ लिहून दिलं. राहिला ऋणको. त्याला नोटीस काढली. दरखास्तीत त्याचा पत्ता कोणता? तेच घर.

एका दुपारी बेल वाजली. दारात तोच बेलीफ, ज्याने मला ताबा दिला होता. हातात ऋणकोच्या नावाची नोटीस.

“राहतात का इथे?”

“अहो, तुम्हीच काढलंत ना त्यांना!”

तो हसला नाही. पॅड गुडघ्यावर टेकवून ‘सदर इसम दिलेल्या पत्त्यावर राहत नाही’ असं लिहिलं आणि साक्षीदार म्हणून माझीच सही घेतली. पुढच्या तारखेला हुकूम: नवा पत्ता द्या. तो मला कोण देणार? मग न्यायाधीशांची बदली. नवे साहेब आले, नोटीस पुन्हा निघाली, पुन्हा त्याच पत्त्यावर. शेवटी वकिलांनी नोटीस चिकटवून बजावण्याची परवानगी मागितली आणि ती माझ्याच दारावर चिकटली. शेजारच्या काकूंनी हळूच विचारलं, “परत लिलाव आहे का हो?”

एवढं झाल्यावर दुरुस्तीचा हुकूम दोन ओळींचा निघाला. तुम्ही माझ्यासारखं करू नका. दाखला सहीला जायच्या आधी कारकुनाकडे मसुदा बघायला मागा, आणि पत्रिका शेजारी धरून एकेक आकडा बोटाने वाचा. दुरुस्त दाखला घेताना मी खिडकीपाशीच तसा वाचला. मागची रांग वैतागली. वैतागू दे.

हो, एक राहिलंच. ताबा आपोआप मिळत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज लागतो, आणि तो विक्री कायम झाल्यापासून एका वर्षाच्या आत. दाखल्याच्या भानगडीत मी अडकलो तेव्हा निदान हे आधीच उरकलेलं होतं, तेही वकिलांनी मागे लागून करवून घेतलं म्हणून.